घरी पास, सीआयवर फेल: मध्यरात्रीनंतर पडणाऱ्या टेस्टचा माग

लक्षण असं दिसतं. तुम्ही टेस्ट (कोड नीट चालतो का हे तपासणारा छोटा प्रोग्राम) लिहिली, लॅपटॉपवर चार वेळा चालवली, चारही वेळा पास. पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती) टाकली आणि दहा मिनिटांत सीआयवर, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर, लाल फुली. सकाळी मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) काही न बदलता पुन्हा रन केलं, तर हिरवं. मर्ज झालं. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कुणाच्या पुल रिक्वेस्टवर तीच टेस्ट फेल, आणि त्याने त्या फाइलला हातही लावलेला नसतो.

मी ज्या ओपन सोर्स प्रकल्पाला वेळ देते तो जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कवर चालतो: छोट्या वाचनालयांसाठी देवघेवीचं सॉफ्टवेअर. काम करणारे सगळे स्वयंसेवक आहेत. कुणी कॉलेजात, कुणी नोकरीत, कुणी निवृत्त. नव्याने येणाऱ्यांना आम्ही पहिलं काम टेस्ट लिहिण्याचं देतो, कारण त्यातून कोडची ओळख होते आणि काही मोडण्याची भीती नसते. वरचं लक्षण सगळ्यात जास्त छळतं ते याच लोकांना. जुन्या माणसाला लाल फुली दिसली तर तो लॉग उघडतो. नव्या माणसाला वाटतं की आपलंच चुकलं. काही जण तिथूनच परत जातात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एका पावसाळ्यातली गोष्ट. रात्री १२:५२ ला मेसेज आला: "ताई, माझ्याकडे सगळ्या टेस्ट पास होतायत, शप्पथ. सीआयवर एकच फेल दाखवतंय. मी काही चुकीचं पुश केलं का?" मुलगी साताऱ्याची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिची टेस्ट साधी होती: आज दिलेलं पुस्तक परत करायची तारीख सात दिवसांनंतरची यायला हवी. लॉगमध्ये लिहिलं होतं की अपेक्षित तारीख १८ जुलै, मिळाली १७ जुलै.

मी तिला विचारलं, लॅपटॉपवर शेवटची कधी चालवलीस? म्हणाली, साडेअकराच्या आधी. पुश कधी केलंस? १२:४१. मग म्हटलं, आत्ता लॅपटॉपवर पुन्हा चालव. दोन मिनिटांनी उत्तर आलं, "इथेही फेल झाली!"

लॅपटॉप आणि सीआय यांच्यात काहीच फरक नव्हता. मध्ये फक्त बारा वाजून गेले होते.

मध्यरात्र ते साडेपाच

आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगभर संदर्भासाठी धरल्या जाणाऱ्या वेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत आपल्याकडे नवी तारीख लागलेली असते आणि यूटीसीत अजून कालचीच चालू असते. १२:४१ ला यूटीसीत आदल्या दिवसाचे १९:११ वाजले होते. या साडेपाच तासांत "आज" या शब्दाला दोन अर्थ असतात, आणि कोडमध्ये एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरा वापरला असेल तर टेस्ट नेमकी तेव्हाच पडते. उरलेले साडेअठरा तास ती गुणी बाळासारखी पास होत राहते.

आमच्याकडे कोडमध्ये होतं टाइमझोन.नाऊ().डेट(). टेस्टमध्ये तिने लिहिलं होतं डेट.टुडे(). दोन्ही वाचायला सारखेच वाटतात. पण जँगोत यूझ-टीझेड (टाइमझोन पाळण्याची सेटिंग) चालू असेल तर टाइमझोन.नाऊ() यूटीसीतली वेळ देतं, आणि त्यावर डेट() लावलं की तारीखही यूटीसीचीच निघते. डेट.टुडे() मात्र प्रोसेसच्या स्थानिक वेळेवर चालतं.

इथे एक बारकावा आहे आणि त्यात भल्याभल्यांचा वेळ जातो. लिनक्स आणि मॅकवर जँगो सुरू होताना सेटिंग्जमधला टाइम-झोन उचलून अख्ख्या प्रोसेसला लावतो. सेटिंग्जमध्ये एशिया/कोलकाता असेल, तर सीआयची मशिन यूटीसीवर असली तरी डेट.टुडे() भारतीय तारीखच देणार. म्हणून आमच्या प्रकल्पात ही टेस्ट लॅपटॉपवर आणि सीआयवर एकाच वेळी पडत होती, मशिन कुठलीही असो. विंडोजवर जँगोला तसं करता येत नाही, तिथे मशिनचंच घड्याळ चालतं. त्यामुळे ज्या प्रकल्पाच्या सेटिंग्जमध्ये यूटीसी आहे तिथे उलटं चित्र दिसेल: सीआय कायम हिरवं, लिनक्सवाल्या मित्राकडेही हिरवं, आणि फक्त विंडोज लॅपटॉपवर रात्री जागून काम करणाऱ्याकडे लाल. "तुझ्याच मशिनचा प्रॉब्लेम आहे" हे वाक्य त्याला हमखास ऐकावं लागतं. त्याच्या मशिनचा काही दोष नसतो.

आता दुरुस्ती. आधी ठरवा की चूक टेस्टमध्ये आहे की कोडमध्ये. आमच्याकडे ती कोडमध्ये होती. सभासद घरून रात्री साडेबाराला पुस्तकाची मुदत वाढवून घेतो, तेव्हा त्याला एक दिवस कमी मिळत होता आणि दंड एक दिवस आधी लागत होता. तारीख वाचनालयाच्या वेळेनुसार हवी, म्हणून कोडमध्ये टाइमझोन.लोकलडेट() हवं होतं. त्या मुलीच्या टेस्टने खरी चूक पकडली होती. सकाळी नुसतं री-रन दाबून मर्ज केलं असतं तर ती तशीच राहिली असती.

कोड सुधारल्यावर टेस्टही बदला, नाहीतर ही चूक पुन्हा कधी शिरली तर दिवसा कळणारच नाही. घड्याळ गोठवा, म्हणजे टेस्टपुरती वेळ एका जागी थांबवा, आणि गोठवताना अडचणीचीच वेळ निवडा. मी नेहमी यूटीसी १८:४५ घेते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा. १० मार्च, यूटीसी १८:४५ ला पुस्तक दिलं, तर भारतात ११ तारीख लागलेली आहे, आणि परतीची तारीख १८ मार्च आली पाहिजे. ही १८ तारीख टेस्टमध्ये चक्क हाताने लिहा. "आज अधिक सात" असं टेस्टमध्ये पुन्हा गणित केलंत, तर कोडमधली चूक टेस्टमध्येही जशीच्या तशी उतरू शकते आणि दोन चुका एकमेकींना पास करून टाकतात.

घड्याळ गोठवायला फ्रीझगन ही पायथन लायब्ररी वापरत असाल तर हे लक्षात ठेवा: तुम्ही दिलेली वेळ तो यूटीसी धरतो, आणि टीझेड-ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) वेगळा दिला नाही तर स्थानिक वेळही तीच मानतो. त्यामुळे गोठवलेल्या घड्याळात डेट.टुडे() यूटीसीची तारीख देतं, आणि जी टेस्ट खऱ्या मध्यरात्री फेल झाली असती ती पास होते. तारीख हाताने लिहिलेली असली की यातूनही सुटका होते.

तेवीस मिनिटांचा फरक

फेल झालेल्या टेस्टमध्ये साडेपाच तासांऐवजी ५ तास ५३ मिनिटांचा फरक दिसला, तर फार शोधत बसू नका. कुणीतरी पायटीझेड या टाइमझोनच्या जुन्या पायथन लायब्ररीमधला एशिया/कोलकाता थेट डेटटाइमच्या टीझेडइन्फोला दिला आहे. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक शहराची जुन्यात जुनी नोंद असते, आणि कोलकात्याची पहिली नोंद प्रमाणवेळेच्या आधीची, तिथल्या सूर्यावर चालणाऱ्या स्थानिक वेळेची आहे. पायटीझेडला थेट वापरलं की ती पहिली नोंद लागते. पायटीझेड ठेवायचंच असेल तर त्याचं लोकलाइझ वापरा. त्याहून बरं म्हणजे पायथन ३.९ पासून सोबतच येणारं झोनइन्फो घ्या, त्यात ही भानगड नाही. जँगोने ४.० पासून झोनइन्फो स्वीकारलं आणि ५.० मध्ये पायटीझेडचा आधार काढून टाकला. जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या प्रकल्पांत मात्र हे तेवीस मिनिटांचं भूत अजून भेटतं.

आणि एक गोष्ट आपल्या लक्षात सहसा येत नाही, कारण आपल्याकडे घड्याळं पुढेमागे करत नाहीत. "उद्या याच वेळी" म्हणजे आपल्या मनात सरळ चोवीस तास. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरमध्ये एक दिवस तेवीस तासांचा असतो आणि एक पंचवीस. वर्षातून दोनदाच फेल होणारी, तीही परदेशातल्या सहकाऱ्यांकडेच, अशी टेस्ट दिसली तर आधी तारीख बघा.

एकटी पास, घोळक्यात फेल

घड्याळाचा संबंध नसेल तर पुढचा प्रश्न: ती टेस्ट एकटी चालवली तर पास होते का? होत असेल, तर तिच्या आधी चाललेली कुठलीतरी टेस्ट मागे काहीतरी ठेवून जाते. कॅशे, बदललेली सेटिंग, मॉड्यूलच्या पातळीवरची यादी, चालू केलेली भाषा. वाड्यातल्या सामायिक मोरीसारखं आहे, आधीच्याने बादली कुठे ठेवली यावर पुढच्याचं काम अवलंबून.

इथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक मी पाहते. फेल झालेल्या टेस्टकडेच ते तासन् तास बघत बसतात. ती बहुतेकदा निर्दोष असते. गुन्हेगार पास होऊन पुढे गेलेला असतो.

त्याला शोधायची रीत जुनीच आहे: अर्धं करत जा. फेल होणाऱ्या टेस्टच्या आधी चाललेल्या टेस्टची यादी काढा. पहिली अर्धी घ्या, शेवटी आपली टेस्ट जोडा, चालवा. फेल झाली तर गुन्हेगार या अर्ध्यात, पास झाली तर दुसऱ्या अर्ध्यात. हजार टेस्ट असतील तरी दहाएक फेऱ्यांत एकावर येता. जँगोच्या स्वतःच्या सोर्समध्ये टेस्ट चालवायची जी रनटेस्ट्स स्क्रिप्ट आहे, तिच्यात यासाठी बायसेक्ट पर्याय तयार आहे, आणि संशयित व बळी यांच्या जोड्या लावून बघायला पेअर पर्यायही आहे. मात्र हे दोन्ही जँगोवर काम करणाऱ्यांसाठी. तुमच्या प्रकल्पातल्या मॅनेज.पीवाय टेस्टला ते मिळत नाहीत. तिथे रिव्हर्स आहे, म्हणजे उलट्या क्रमाने चालवणं, आणि जँगो ४.० पासून शफल, म्हणजे क्रम पिसून चालवणं, आहे. शफल आपला सीड क्रमांक छापतो, तोच परत दिला की तोच क्रम परत मिळतो. पायटेस्ट हे टेस्ट चालवायचं दुसरं साधन वापरणाऱ्यांसाठी रँडमली नावाचं प्लगइन हेच करतं. फेल झाल्या झाल्या तो सीड उतरवून ठेवा. तो हरवला तर पुन्हा तसाच क्रम जुळून यायची वाट बघत बसावं लागतं.

आमच्याकडे असंच एकदा सापडलं ते जवळून दाखवते. टेस्ट अशी होती: नवा सभासद नोंदवा, त्याचा आयडी १ आहे का बघा. लॅपटॉपवर एसक्यूलाइट डेटाबेस, कायम पास. सीआयवर पोस्टग्रेस डेटाबेस, एकटी चालवली तर पास, सगळ्यांसोबत फेल, आणि दर वेळी आकडा वेगळा. कधी १४, कधी ३१. मागचे सभासद साफ होत नाहीत असं वाटून दोघांनी दोन संध्याकाळी घालवल्या. टेबल मात्र रिकामं होतं. जँगोची टेस्टकेस प्रत्येक टेस्टभोवती ट्रान्झॅक्शन उघडते आणि शेवटी रोलबॅक करते, म्हणजे केलेले बदल मागे घेते, त्यामुळे ओळी पुसल्या जातात. पण पोस्टग्रेसमध्ये आयडी देणारा सीक्वेन्स रोलबॅकने मागे येत नाही. रांगेत टोकन घेऊन कुणी निघून गेलं तरी पुढच्याला पुढचंच टोकन मिळतं, तसं. एसक्यूलाइटमध्ये हा हिशोब साध्या टेबलातच असल्यामुळे तोही रोलबॅकबरोबर मागे जातो, आणि दर वेळी १ मिळतो. आता ३१ येणार की १४, हे आधी कोणत्या टेस्ट चालल्या यावर ठरत होतं. पॅरलल पर्याय वापरला की टेस्ट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटल्या जातात, म्हणून आकडा सारखा बदलत होता.

उपाय एका ओळीचा: आयडी किती आहे हे तपासूच नका. जो सभासद तयार केला त्याचाच आयडी घेऊन पुढे जा. जँगोत सीक्वेन्स शून्यावर आणायची सोय ट्रान्झॅक्शन-टेस्टकेसमध्ये आहे, पण ती टेस्ट बरीच हळू करते. खरंच आकड्यावर अवलंबून असलेलं काही तपासायचं असेल तरच तिच्याकडे जा.

याचंच भावंड म्हणजे क्रम. ऑर्डर-बाय न लावता ओळी मागवल्या तर त्या कोणत्या क्रमाने येतील याची डेटाबेस हमी देत नाही. एसक्यूलाइट बहुधा टाकलेल्या क्रमाने देतो, त्यामुळे सवय लागते. पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ अपडेट केली की तिची नवी प्रत दुसरीकडे लिहिली जाते आणि ती यादीत खाली सरकू शकते. क्रम महत्त्वाचा असेल तर कोडमध्ये ऑर्डर-बाय लावा. नसेल तर टेस्टमध्ये असर्ट-काउंट-इक्वल वापरा, ते क्रम बघत नाही. पायथनच्या सेटचंही तसंच: स्ट्रिंगचे हॅश दर रनला बदलतात, म्हणून सेटवरून केलेली यादी दर वेळी वेगळी. फेल झालेला रन पुन्हा उभा करायचा असेल तर पायथन-हॅश-सीड ठरावीक देऊन चालवा.

दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या, तरी फेल

हे आपल्या लोकांना विशेष भेटतं. टेस्ट डेटात मराठी नावं टाकली आणि लॉगमध्ये अपेक्षित व मिळालेलं अगदी एकसारखं दिसतंय, तरी बरोबर नाहीत असं सांगतंय. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, लांबी छापा. "ॲप" मधला ॲ हे एकच अक्षर, कोड ०९७२, असू शकतं, किंवा अ आणि त्यावर वेगळा चंद्र अशी जोडी असू शकते. कीबोर्ड बदलला की हे बदलतं. "दुसऱ्या" मधला ऱ्य तर तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: नुक्त्याच्या ऱ ने, र आणि वेगळ्या नुक्त्याने, किंवा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) घालून. यातल्या पहिल्या दोन्ही तऱ्हा युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एका रूपात आणणारी पद्धत) एकत्र आणतं. झेडडब्ल्यूजेवाली तऱ्हा आणि अ-चंद्राची जोडी मात्र ते एकत्र आणत नाही, कारण युनिकोडच्या हिशोबात त्या वेगळ्याच आहेत. तिथे आपल्यालाच बदलाची छोटी यादी लिहावी लागते. आणि ती यादी टेस्टपुरती नको, शोधाच्या कोडमध्येच हवी, कारण वाचकही पुस्तक शोधताना दोन्ही तऱ्हांनी टाइप करणार आहे.

विंडोजवर मराठी मजकुराची फाइल वाचताना डिकोडची एरर आली, तर ओपन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलंय का बघा. पायथन ३.१० पासून वॉर्न-डिफॉल्ट-एन्कोडिंग हा पर्याय लावला तर एन्कोडिंग न दिलेल्या जागा तो दाखवून देतो.

नेटवर्कवर जाणारी टेस्ट आणि दोन सेकंद स्लीप घालून वाट बघणारी टेस्ट, या दोन्ही आज ना उद्या पडणारच. पहिलीला बनावट उत्तर द्या, दुसरीला ठरावीक वेळेऐवजी घटना घडेपर्यंत थांबायला लावा.

री-रनबद्दल

फेल झालेली टेस्ट आपोआप दोन-तीनदा चालवणारी प्लगइन्स आहेत. मी ती प्रकल्पात येऊ देत नाही. मोठ्या संघात, जिथे दिवसाला शेकडो बदल जातात, तिथे त्यांची गरज पडत असेल. आमच्यासारख्या प्रकल्पात कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्टमागची खरी चूक त्यांनी झाकून ठेवली असती. री-रन दाबायचंच असेल तर आधी लॉगची प्रत, वेळ आणि सीड इश्यूमध्ये चिकटवा, मग दाबा. गिटहब ॲक्शन्सच्या (गिटहबच्या सीआयच्या) लॉगमधली यूटीसी वेळ वाचताना साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

मेंटेनरांना विनंती: नव्या स्वयंसेवकाच्या पुल रिक्वेस्टवर अशी टेस्ट पडली, तर त्याच्या कोडबद्दल काही लिहायच्या आधी मेन ब्रांचवर, म्हणजे बदल न केलेल्या मुख्य कोडवर, तीच टेस्ट चालवून बघा. तिथेही पडत असेल तर स्पष्ट लिहा की ही चूक तुमची नाही. तो माणूस दिवसभराचं काम संपवून रात्री दोन तास काढून बसलेला असतो.

आणि स्वयंसेवकांनी अडकल्यावर मदत मागताना एवढं तरी लिहावं: कोणती टेस्ट, एकटी चालवल्यावर काय होतं, उलट्या क्रमाने काय होतं, डेटाबेस कोणता, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, सीड किती, आणि तुमच्या घड्याळात तेव्हा किती वाजले होते. साताऱ्याच्या त्या मुलीने त्या रात्री हे सगळं एका कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला होता. टेस्ट आणि दुरुस्ती दोन्ही तिच्याच नावाने मर्ज झाल्या. आता आमच्याकडे सीआय रोज रात्री पावणेएकला एकदा आपोआप चालतं, ती वेळही तिनेच सुचवलेली आहे.